घोड्याचं नाव

३ फेब्रुवारी

वहिनी,

शनिवारच्या ऑनलाइन खेळाचे प्रश्न सोबत जोडलेत. आधी ते उतरवून घे, मग पत्र वाच. मागच्या वेळी पत्र वाचून हसत बसलीस आणि प्रश्न राहिले तसेच. हे मुद्दाम तुझ्या पाळणाघराच्या ईमेल पत्त्यावर पाठवते आहे. तुमच्या घरात फोन वाजला की दादाचे कान आधी उभे राहतात, आणि खेळणाऱ्याच्याच कानावर प्रश्न पडले तर मग खेळायचं काय, कपाळ?

तुझं काम नेहमीचं. चुका काढ. मागे मी विहिरीच्या सिनेमातल्या मामाला काका करून ठेवलं आणि मास्तरांनी भर खेळात माझी शाळा घेतली. सिनेमांची खरी नावं आपल्यापैकी कुणाच्या लक्षात राहत नाहीत म्हणून आपण विहिरीचा, जुळ्या बहिणींचा अशी नावं पाडून घेतली, ते ठीक. पण मामा तो मामाच.

मास्तर आणि पोस्टातली ही जोडी सध्या फार माजली आहे. बेकरीवाले नवरा-बायको निम्मे गुण एकमेकांशी भांडण्यात घालवतात. राहिली आपल्या दादाची आणि चष्मेवाल्यांची जोडी, ती कायम तळाला. दादाचं मला वाईट वाटतं. लिफ्टची कंपनी बंद पडल्यापासून तो बोलत नाही, हसत नाही. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेणारा माणूस आता पलंगावरून उठायला तयार नाही. शनिवारी संध्याकाळी तेवढा पडद्यासमोर येऊन बसतो, तेही तू ढकलतेस म्हणून.

गाण्यांचे तुकडे नेहमीप्रमाणे चष्मेवालेच कापून देणार आहेत. काच घासणाऱ्याचा हात, सुरावट जिथे तोडायची तिथेच तोडतात. म्हणून तर गाण्यांच्या फेरीत ते तोंड बंद ठेवून बसतात आणि दादा एकटा खेळतो. मी त्यांना अख्खी फाईल देते, ते गाण्यांचं पान तेवढं उघडतात. माझा भरवसा आहे. वीजबिलाच्या तक्रारींच्या खिडकीवर जन्म गेला माझा, खोटं बोलणारा माणूस मला रांगेत उभा असतानाच कळतो.

आणखी एक. दादाला बोलू नकोस. परवा माझ्या चष्म्याची काडी बसवून देताना ते म्हणाले, पुढच्या महिन्यात माझी बहीण येणार आहे, तुम्ही घरी याल का तिला भेटायला? मान खाली, हातात तो बारका स्क्रू. मी म्हटलं, बघू. दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि परत चढून गेले, आणि येईन म्हणून सांगून आले. या वयात हे शोभतं का ते कळव. नाही शोभत असं कळवू नकोस.

तुझी नणंद


१० फेब्रुवारी

ताईबाई,

शोभतं. न शोभायला काय झालं? लोक साठीत घोड्यावर बसतात, तू तर अजून पायऱ्या दोनदा चढतेस. काय घालून जाणार ते मात्र मला विचारल्याशिवाय ठरवू नकोस. तुझा तो मातकट रंग बघून त्यांची बहीण आल्या पावली परत जाईल.

फाईल नीट तपासली होती, एकही चूक नव्हती, हे तुला शनिवारी कळलंच असेल. पण तू जे पाहिलंस ते पडद्यावर. मी घरात पाहिलं. सकाळी तुझ्या दादाने न सांगता दाढी केली. संध्याकाळी पाना आणि पातेल्याचं झाकण घेऊन वेळेआधी तयार. उत्तर येत असेल तर काहीतरी वाजवायचं अशी तुमची ती अट ना? पहिलं उत्तर आलं तेव्हा त्याने असं वाजवलं की शेजारीण विचारायला आली, काय पडलं म्हणून. जिंकल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, अगं, डोकं अजून चालतंय. किती महिन्यांनी मी त्याचे दात पाहिले.

रात्री भात परत मागून घेतला.

तुला एक विनंती. फाईल जरा लवकर पाठवत जा, आठवड्याच्या सुरुवातीलाच. पाळणाघरात एकाचं नाक पुसेपर्यंत दुसरा पडतो, त्या गडबडीत वाचलं की चुका नजरेतून सुटतात. निवांत वाचायला मिळालं तर तुझंच काम चोख होईल.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

आज थट्टा नाही.

काल मास्तरांचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं, माझ्या गुडघ्याची चौकशी, मग हळूच म्हणाले, तुमचे प्रश्न फुटतायत. मी म्हटलं, काहीतरीच. तर म्हणाले, तुमचे बंधू महिनाभर एकदाही हरलेले नाहीत. गाण्याच्या फेरीत एकटे असतात आणि दुसरा सूर कानावर पडायच्या आत पाना वाजलेला असतो. पोस्टातलीलाही तसंच वाटतं आहे, आणि बेकरीवाली तर म्हणाली म्हणे की आता यायचंच कशाला, टाळ्या वाजवायला?

मी दादाची बाजू घेतली. म्हटलं, लहानपणी रेडिओला चिकटून बसायचा, त्याला आठवतं. पण फोन ठेवला आणि माझ्याच मनात पाल चुकचुकली. मागच्या शनिवारी मी तीन बोळांतल्या सिनेमाचा प्रश्न विचारला. तो सिनेमा दादाने कधी पाहिला? तरी त्याने दरवाज्याचा रंगसुद्धा सांगितला.

फाईल माझ्याशिवाय दोघांकडेच जाते. एक तू, एक ते. तू तर घरचीच. मग राहिलं कोण, ते मला लिहवत नाही. त्यांच्याच जोडीदाराला फायदा होतोय, हेही खरं. पण त्यांनी असं का करावं? खेळात मिळतं काय? नुसती शाबासकी.

त्यांची बहीण पुढच्या रविवारी यायची आहे. मी जांभळा रंग ठरवला होता, तू सांगितलेलास तो.

तू दादाच्या जवळ असतेस. काही दिसलं असेल, कानावर पडलं असेल, तर सांग. जे असेल ते स्पष्ट सांग.

तुझी नणंद


१३ मार्च

ताई,

तू विचारलं नसतंस तर मी हे कधी तोंडातून काढलं नसतं. दोन दिवस लिहू की नको करत होते.

चष्मेवाल्यांचा दादाला दर शुक्रवारी फोन येतो. पूर्वी येत नव्हता. दादा फोन घेऊन गॅलरीत जातो आणि दोघं बराच वेळ सिनेमांवर बोलत असतात. मी कान लावून ऐकलेलं नाही, उगाच कुणावर आळ घेणार नाही. पण शनिवारी जे विचारलं जातं ते शुक्रवारी त्यांच्या बोलण्यात आलेलं असतं, एवढं माझ्या लक्षात आलंय. तुझ्या दादाला यातलं काही कळत नाही गं, तो भोळा सांब. समोरचा सहज बोलतोय असं त्याला वाटतं.

का केलं असेल? मला तर वाटतं तुझ्या घरच्यांना खूश करायला. भावाला हाताशी धरलं की बहीण आपोआप. असं करणारी माणसं मी बघितलीत. दिसायला साधी, चार शब्द बोलणार नाहीत, पण आतल्या गाठीची.

तुला सांगताना जीव तुटतो. पण लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. फक्त दोन गोष्टी कर. दादाला काही विचारू नकोस, आत्ता कुठे तो माणसांत आलाय. आणि त्यांनाही खोदून विचारू नकोस, ते लगेच दादाला फोन करतील आणि मग सगळंच बाहेर येईल. गुपचूप बाजूला कर. शहाण्याला शब्दाचा मार.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

केलं बाजूला.

रविवारी गेले नाही. आदल्या दिवशी कळवलं की बरं वाटत नाही. त्यांनी लगेच विचारलं, डॉक्टरकडे नेऊ का, दुकान बंद करून येतो. मी उत्तर दिलं नाही. सोमवारी आपल्या गटात लिहिलं की काही कारणाने प्रश्न बाहेर जात होते, म्हणून यापुढे गाण्यांचे तुकडे मी स्वतः कापेन आणि चष्मेवाले खेळणार नाहीत. नाव घालू की नको असं झालं होतं. मास्तर म्हणाले, नाव नाही घातलं तर सगळ्यांवरच संशय राहील. घातलं.

त्यांनी गटात एक शब्द लिहिला नाही. बाहेर पडले, एवढंच. बेकरीवालीने लगेच खाली शाबासकीचा अंगठा टाकला. मला त्या अंगठ्याचा इतका राग आला की फोन उशीखाली ठेवला.

ऑफिसला जायचा माझा रस्ता त्यांच्या दुकानावरून आहे, तुला ठाऊक आहे. आता मी पलीकडच्या फुटपाथने जाते. मंगळवारी ते बाहेर उभे राहून काच पुसत होते. त्यांना मी दिसले. त्यांनी हाक मारली नाही, तोंडही फिरवलं नाही, फडकं हातात धरून बघत राहिले. मी पर्समध्ये काहीतरी शोधायचं नाटक केलं.

मला फसवल्याचं दुःख नाही वहिनी, मी ओळखलं नाही याचं आहे. वीस वर्षं खिडकीवर बसून शिकले काय मी? माणूस इतका सरळ चेहरा ठेवून इतकं करू शकतो?

दादा चिडलाय. जोडीदार का काढला म्हणून मला दोनदा फोन केला. मी म्हटलं, त्यांनीच सोडलं. आता म्हणतो, एकटा खेळेन, सगळ्यांना पुरून उरेन. बरं आहे, निदान त्याचं तरी मन रमतंय.

पुढची फाईल सोबत. आता फक्त तुलाच पाठवते.

तुझी नणंद


२४ मार्च

ताई,

फाईल तपासली, एकही चूक नाही.

रडू नकोस. माणूस वेळेवर कळला, सुटलीस असं समज. माझ्या मावशीचा एक दीर आहे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, स्वभावाने गरीब. तू हो म्हटलंस तर विषय काढते. घाई नाही.

वहिनी


७ एप्रिल

वहिनी,

हे पत्र तू एकटी असताना वाच. मुलं झोपल्यावर वाच.

काल जुळ्या बहिणींच्या सिनेमावर प्रश्न होता. तुला पाठवलेल्या फाईलमध्ये मी विचारलं होतं, मोठ्या बहिणीच्या घोड्याचं नाव काय? उत्तर लिहिलं होतं, वकील. तू कळवलंस, तपासलं, एकही चूक नाही.

काल दुपारी गाण्याचा तुकडा कापायला म्हणून मी तो सिनेमा लावला. वहिनी, त्या घोड्याला नावच नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी त्याला हाक मारत नाही. वकील हे आमच्या ऑफिसखालच्या झेरॉक्सवाल्याच्या मांजराचं नाव आहे. काळं अंग, गळ्यापाशी पांढरा पट्टा, म्हणून वकील. ते माझ्या डोक्यात कुठून कसं शिरलं आणि घोड्यावर जाऊन बसलं, देव जाणे. माझं मलाच हसू आलं. मी तो प्रश्न काढला आणि त्या जागी कुत्र्याचा घातला. कुत्र्याला नाव आहे.

संध्याकाळी मी सुरुवात केली, जुळ्या बहिणींच्या सिनेमात मोठ्या बहिणीच्या, आणि पाना वाजला. दादा ओरडला, वकील. अख्ख्या जगात हे नाव फक्त माझ्या चुकीत होतं. सिनेमात नाही, पुस्तकात नाही, माणसांच्या आठवणीत नाही. माझ्या फाईलमध्ये होतं, आणि ती फाईल चष्मेवाल्यांना गेलेली नाही. फक्त तुला गेली.

मास्तर हसले, म्हणाले, घोडा कुठला, प्रश्न कुत्र्याचा दिसतोय. दादा म्हणाला, कुत्र्याचं माहीत नाही, पण घोडा वकीलच. छातीठोकपणे म्हणाला. फसवणारा माणूस असा बोलत नाही. तो गोंधळून गप्प बसला असता. म्हणजे त्याला माहीतच नाही की हे त्याला कुणी सांगितलंय.

मी रात्रभर विचार केला आणि तुझी पत्रं पुन्हा वाचली. फाईल जरा लवकर पाठवत जा. दादाला विचारू नकोस. त्यांनाही विचारू नकोस.

तू तपासत नव्हतीसच ना? एकदा तरी?

मला उत्तर हवंय. गोड बोलू नकोस.


११ एप्रिल

ताई,

नाही. तपासत नव्हते.

पहिल्यांदा मुद्दाम केलं नव्हतं, यावर विश्वास ठेवलास तर उपकार होतील. तू विहिरीच्या सिनेमाचा आणखी एक प्रश्न पाठवला होतास, मला उत्तर बरोबर वाटेना, म्हणून भाजी निवडता निवडता सहज तुझ्या दादाला विचारलं, काय रे, असं होतं ना? तो म्हणाला, असेल. शनिवारी तोच प्रश्न आला आणि त्याने झाकण वाजवलं. त्याला वाटलं त्यालाच आठवलं. त्याचा तो चेहरा पाहिला आणि पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम विचारलं.

मग सवयच झाली. स्वयंपाक करताना तुझी गाणी लावायची. जेवताना म्हणायचं, तो सिनेमा आठवतो का रे, त्यात दार निळं होतं. तो हो हो म्हणायचा, आणि दोन दिवसांनी ते त्याचं स्वतःचं होऊन जायचं. पाळणाघरात रोज हेच करते मी. पोर हरून रडायला लागलं की त्याच्या हाताशी सोंगटी सरकवायची आणि म्हणायचं, अरे वा, तुला सापडली. नवऱ्याशी असं करावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. तू त्याला शनिवारी बघतेस. मी त्याला सोमवारी बघते, दुपारी चार वाजता, अंगावर चादर ओढून भिंतीकडे तोंड करून पडलेला. एकदा म्हणाला, मी नसतो तर तुझा खर्च कमी झाला असता. ते ऐकल्यावर मी काय करणार होते, नियम पाळत बसणार होते?

चष्मेवाल्यांचे ते शुक्रवारचे फोन खोटे. एकदाच आला होता, तोही तुझ्या वाढदिवसाला काय द्यावं हे विचारायला.

मास्तरांनी शंका काढल्याचं तुझं पत्र आलं तेव्हा मी हिशोब घातला. फाईल दोघांकडे, एक ते, एक मी. मी कबूल केलं असतं तर त्याच संध्याकाळी दादाला कळलं असतं की त्याचं डोकं चालत नव्हतं, बायको चालवत होती. त्यांचं नाव घेताना मनात आलं, परका माणूस आहे, चार दिवस वाईट वाटेल, विसरेल. तुला वाईट वाटेल हेही कळत होतं. कळत असून केलं. खोटं कशाला बोलू आता.

मला काय बोलायचं ते बोल, पाया पडते पण दादाला सांगू नकोस. गेल्या आठवड्यात त्याने जुन्या साहेबांना स्वतःहून फोन केला कामासाठी. ते काम लागेपर्यंत तरी थांब. मग तूच सांग, चारचौघांत सांग, मी मान खाली घालून ऐकेन.

वहिनी


२१ एप्रिल

वहिनी,

परका तुझ्यासाठी. मी तुला फेब्रुवारीतल्या पत्रात सांगितलं होतं तो माझा कोण होणार होता. आईला सांगितलं नाही, मैत्रिणीला सांगितलं नाही, तुला सांगितलं. जांभळा रंगही तूच ठरवलास. आणि मग त्याच हाताने लिहिलंस की आतल्या गाठीचा आहे. वर मावशीचा दीर पुढे केलास. शत्रूसुद्धा इतकं मापून मारत नाही गं.

काल दुकानात गेले. धीर होत नव्हता म्हणून निमित्त घेऊन गेले, म्हटलं नंबर तपासायचाय. त्यांनी खुर्चीवर बसवलं, ती जड लोखंडी चौकट नाकावर ठेवली आणि एकेक भिंग बदलत विचारू लागले, हे बरं की हे? आवाज नेहमीसारखाच. मी तिसऱ्या ओळीवर अडकले. त्यांनी चौकट काढली आणि म्हणाले, आज नंबर निघणार नाही, डोळ्यांत पाणी असलं की चुकीचा निघतो.

मी म्हटलं, तुमच्यावर खोटा आळ आला. चूक माझी. परत या खेळायला.

ते भिंगं एकेक करून पेटीत लावत होते. म्हणाले, तुम्ही सगळ्यांना विचारलंत, मला विचारलं नाहीत. मी इथे तुमच्या ऑफिसपासून पन्नास पावलांवर होतो.

मग म्हणाले, कळलं का, कोणी केलं?

वहिनी, तेव्हा तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. आणि मागोमाग दादा आला, भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी म्हटलं, ते नाही सांगता यायचं.

ते हसले जरासे. म्हणाले, म्हणजे अजून मीच.

पेटीचं झाकण लावलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं. मी पैसे विचारले, तर नंबर निघालाच नाही म्हणाले.

तेव्हा तुझं गुपित माझ्याकडे आहे. तुझ्यासाठी नाही ठेवलं. दादाला काम लागेपर्यंत ठेवते, मग माझं मी बघेन. तोवर मला पत्र लिहू नकोस. प्रश्न पाठवणार नाही. दादाने विचारलं तर सांग, नणंदेचा गुडघा दुखतोय.


१२ मे

बारके,

तुला पत्र लिहायची सवय नाही मला, तुम्हा दोघींना होती असं आता कळलं. फोनवर बोललो असतो तर आवाज चढला असता, म्हणून लिहितोय.

तो घोड्याचा गुण गेला ते माझ्या मनातून जाईना. प्रश्न कुत्र्याचा होता ते ठीक, पण घोड्याचं तरी बरोबर होतं हे मास्तरला दाखवायचं होतं. म्हणून सिनेमा शोधून काढला. पहिल्यापासून बघितला. मग परत बघितला. मग तुझ्या वहिनीला विचारलं, हे नाव मला तूच सांगितलंस ना गं, जेवताना? कुठे ऐकलंस? तिच्या हातातला डाव खाली पडला. तिथून पुढे तिने सगळं सांगितलं, पत्रंही दाखवली. मी सगळी वाचली, तुझी शेवटचीसुद्धा.

तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. मग बोललो. एका घरात राहून किती दिवस मुकं राहायचं, आणि तिने जे केलं ते मी पलंगावर पडून होतो म्हणून केलं. ते मला कळतं. आवडलेलं नाही, पण कळतं. मी त्या विजयांवर किती फुगलो होतो ते आठवलं की आरशात बघवत नाही. साहेबांना फोन केला होता तोही त्याच जोरावर. त्यांनी नाही म्हणून कळवलंय, म्हणजे तू ज्याची वाट बघत होतीस ते काम काही लागलेलं नाही.

तुझं मात्र मला कळत नाही. ती भीतीपोटी खोटं बोलली. तुला तर खरं कळलं होतं. एक माणूस तुझ्यासमोर उभा राहून विचारत होता, कोणी केलं, आणि तू माझी कीव केलीस. मला विचारलं होतंस? मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दोर तपासलेला माणूस आहे, एक खरं वाक्य ऐकून मेलो नसतो. तुम्ही दोघींनी मिळून मला पाळणाघरात घातलं, आणि माझ्या खाटेची किंमत त्याच्याकडून घेतली.

काल शनिवारी मी सगळ्यांना बोलावलं. तुला नाही. चष्मेवाल्याला आधी फोन करून म्हटलं, तू ये, तुझ्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. तो आला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, बायको शेजारी बसली होती, तिनेही सांगितलं. बेकरीवाली रडायला लागली. चष्मेवाल्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, बरं झालं, एकदा संपलं.

बाकीचे गेल्यावर मी त्याला थांबवलं. म्हटलं, बारकीला काही निरोप आहे का? ती तुझ्या दुकानापासून पन्नास पावलांवर बसते. तो म्हणाला, नाही.

खेळ पुन्हा सुरू होतोय. प्रश्न मास्तर काढणार, तपासायला कुणी नाही. मी आणि चष्मेवाला जोडीने खेळतोय. तळाला राहू, राहू दे.

शनिवारची लिंक सगळ्यांना गेली आहे. तुला पाठवू नका असं मीच सांगितलंय.

दादा